निरनिराळ्या प्रकारांतील ब्रिटिश चित्रपट सुचवावेत

प्रश्न (इंदूर): आमच्या वाचनालयाची मंडळी रविवारी एकत्र चित्रपट पाहतात. त्यांच्यासाठी कोणते जुने ब्रिटिश चित्रपट निवडावेत?

उत्तर १: आरंभ रहस्यपटाने करावा. कॅरल रीड यांच्या ‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) युद्धानंतरच्या व्हिएन्नातील अंधाऱ्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या बुटांपाशी मांजर घुटमळते आणि समोरच्या खिडकीतील उजेड पडताच त्याचा चेहरा दिसतो, तो क्षण चुकवू नये.

उत्तर २: विनोदासाठी ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ पाहावा, त्यात अ‍ॅलेक गिनेस एकाच घराण्यातील अनेक व्यक्ती रंगवतात.

उत्तर ३ (ग्वाल्हेर): केन लोच यांचा ‘केस’ (१९६९) वगळू नये. ससाणा पाळणाऱ्या मुलाची ही कथा यॉर्कशायरच्या बोलीत असल्याने, इंग्रजी उत्तम येणाऱ्यांनीही, माझ्या मते, उपशीर्षके लावूनच पाहावी.