नडगीचं हाड सावकाश जुळतंय आणि तळपाय बधिर आहे, संबंध असेल का?

कावेसरकर (ठाणे)
बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. पावसात घोडबंदर रोडवर स्कूटर घसरून उजव्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड आहे. तीन महिने होत आले. डॉक्टर म्हणतात, कॅलस (मोडलेल्या जागी धरणारं नवं, कच्चं हाड) येतोय, पण सावकाश.

मला खटकतंय ते वेगळंच. बाबांना दुखतच नाही. आमच्याच इमारतीतले एक काका त्याच सुमारास पडले होते, ते पाऊल टेकवताना अजून कळवळतात. बाबा मात्र आईची नजर चुकवून वॉकरशिवाय गॅलरीत जाऊन उभे राहतात. तळपाय अपघाताच्या आधीपासूनच बधिर, रात्री मुंग्या येतात. परवा चपलेचा पट्टा घासून करंगळीजवळ फोड आला, तो आईला मोज्यावरचा डाग धुताना कळला.

नसा खराब असतील तर हाड जुळायला उशीर होतो का, की सगळं साखरेमुळेच? नसांच्या गोळ्यांनी हाड लवकर भरेल का? नातेवाईक हाडवैद्याचा आग्रह धरून बसलेत.

नेरुळची_फिजिओ
संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा. हाडावर पेरिऑस्टियम नावाचं पातळ, चिवट आवरण असतं. नडगी टेबलाला आपटली की जीव कळवळतो तो त्याच्यामुळे, कारण त्यात संवेदी नसांचं दाट जाळं असतं. हाड मोडलं की तिथल्या पेशी एनजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्याच्या ओढीने नसांचे बारीक तंतू मोडलेल्या जागी वाढत येतात आणि नव्या रक्तवाहिन्या धरायलाही मदत होते. कॅलसचं पक्कं हाड व्हायला हे दोन्ही लागतं. २०१९ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी उंदरांमध्ये एनजीएफचा निरोप नसेपर्यंत पोचूच दिला नाही. नसा कमी आल्या, रक्तवाहिन्या कमी झाल्या, हाड भरायला उशीर झाला. नसांच्या टोकांतून सीजीआरपी नावाचं रसायनही पाझरतं, ते हाड बनवणाऱ्या पेशींना चालना देतं.

उलटं चित्रही दिसतं. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णांत मोडलेल्या मांडीभोवती कॅलस बऱ्याचदा लवकर आणि भरघोस येतो, कधी तर स्नायूतसुद्धा हाड तयार होतं.

बाबांच्या बाबतीत नसा आणि साखर वेगळी काढता येणार नाही. जुनी साखर नसाही पोखरते, बारीक रक्तवाहिन्याही, आणि हाड बनवणाऱ्या पेशींनाही मंद करते. साखर ताब्यात ठेवणं हेच पहिलं औषध.

मला खरी काळजी वाटते ती न दुखण्याची. दुखणं माणसाला पाय उचलायला लावतं. बाबांना तो इशाराच मिळत नाही, म्हणून ते गॅलरीत उभे राहू शकतात. त्यांना रागावू नका, त्यांना खरंच कळत नाहीये.

कळवा_पूर्व
माझा अनुभव थोडा वेगळा. दंडाचं हाड मोडलं तेव्हा रेडियल नसेला मार बसला, मनगट लोंबकळत होतं. हाड वेळेत जुळलं, मनगट मात्र कितीतरी उशिरा उचललं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते. मग माझं हाड कसं काय वेळेत भरलं?

नेरुळची_फिजिओ
@कळवा_पूर्व, कारण हाडाला नसांचा पुरवठा एकाच नसेतून होत नाही. रेडियल नस दंडाच्या हाडाला खेटून जाते, म्हणून तिला मार बसतो. बाकीच्या नसांचे तंतू, आणि धमन्यांसोबत हाडात शिरणारे तंतू, शाबूत होते. मधुमेहात नुकसान सगळीकडे पसरलेलं असतं, पावलांत सगळ्यात आधी.

कावेसरकर (ठाणे)
मनापासून आभार. दुखत नसताना बाबांनी किती वजन टाकावं हे ओळखायचं कसं? आणि गोळ्या, हाडवैद्य?

नेरुळची_फिजिओ
किती किलो टाकायचं हा आकडा सर्जनकडूनच घ्या. मग घरी वजनकाटा घ्या. वॉकर धरून, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या पाटावर आणि मोडलेला काट्यावर. आकडा येईपर्यंतच दाब द्यायचा, बाबांनी स्वतः डोळ्यांनी वाचायचा. मी बधिर पायाच्या रुग्णांना असंच शिकवते. काही दिवसांत पायाला नाही तरी मांडीला आणि कमरेला तो दाब ओळखीचा होतो.

गोळ्या बहुधा मिथाइलकोबालामिनच्या, म्हणजे बी१२ जीवनसत्त्वाच्या असतील. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं, एकदा तपासून घ्या. त्या नसांसाठी आहेत, हाड भरायचं औषध म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

हाडवैद्याकडे अजिबात नेऊ नका, कळकळीची विनंती. आत रॉड आहे आणि पट्टी आवळली गेली तरी बाबा "दुखतंय" म्हणणार नाहीत. पाय काळानिळा पडेपर्यंत कुणाला कळायचं नाही.

करंगळीचा फोड उद्याच दाखवा. जखमेतून जंतू आत गेले तर रॉडलाही धोका. रोज रात्री आरसा धरून तळवा बघा, बोटांच्या बेचक्याही. चपला बंद, बंद बूट घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचा. आणि पाऊल लाल, गरम, सुजलेलं दिसलं आणि तरीही फारसं दुखत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा ज्याला शार्को फूट म्हणतात ते. बधिर पायाची हाडं आतल्या आत मोडत जातात आणि माणूस चालत राहतो. डॉक्टर बघेपर्यंत त्या पायावर वजन अजिबात नाही.