चंद्राच्या फोटोत एवढे दाणे का येतात?

अर्धाचंद्र:
मंडळी, काल अष्टमीचा चंद्र टिपला. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा), लेन्स ५५-२५० मिमी, पूर्ण २५० वर. ट्रायपॉड होता. ऑटोवर चंद्राच्या जागी नुसता पांढरा गोळा येत होता, म्हणून मॅन्युअलवर गेलो: आयएसओ (संवेदनशीलता) ३२००, छिद्र एफ/८ (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), शटर १/४००० सेकंद. रात्र आहे म्हणून आयएसओ वर ठेवला आणि चंद्र सरकतो म्हणून शटर वेगवान.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बरा दिसला. कॉम्प्युटरवर क्रॉप करून जरा उजळला तर सगळीकडे दाणेच दाणे. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर तर विवर कुठलं आणि नॉइज (म्हणजे हे दाणे) कुठला ते ओळखू येत नाही. आकाशातही जांभळट ठिपके. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेली) दोन्ही आहेत. जेपेगमध्ये दाणे कमी, पण तपशील पार पुसले गेलेत. फुल-फ्रेम घेतल्याशिवाय यावर इलाज नाही का?

पिक्सेलपीडा:
आयएसओ १००. विषय संपला.

अर्धाचंद्र:
अहो, आयएसओ १०० ला फोटो काळाकुट्ट येईल ना? बाहेर रात्र आहे.

जुना_ट्रायपॉड:
रात्र तुमच्याकडे आहे, चंद्राच्या उजळ भागावर नाही. तिथे भर दिवस आहे. सूर्य तोच आणि त्याचं अंतरही आपल्याएवढंच. म्हणजे तुम्ही उन्हात पडलेल्या काळपट दगडाचा फोटो काढताय, फक्त तो दगड फार लांब आहे. काळपट म्हणजे खरंच काळपट, अंगावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम १२ टक्के परत पाठवतो. आकाश काळं असल्यामुळे आपल्याला तो चांदीचा वाटतो.

पौर्णिमेच्या चंद्रासाठी जुना 'लूनी इलेव्हन' नियम आहे: एफ/११ ठेवा आणि शटर आयएसओच्या उलट. आयएसओ १०० ला १/१००. अष्टमीला मात्र हा नियम तसाच वापरू नका. अर्धा चंद्र दिसतो म्हणून प्रकाश निम्मा, असा हिशोब लागत नाही. ऊन तिरपं पडतं, प्रत्येक विवराची आणि डोंगराची सावली दिसते, आणि एकूण प्रकाश पौर्णिमेच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. एक्सपोजर दोनेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवावं लागतं. तेव्हा तुमच्या लेन्सवर आयएसओ १००, एफ/८, १/६० पासून सुरुवात करा.

आता दाण्यांकडे येतो. आयएसओ वाढवला की नॉइज तयार होतो, असं आपण बोलतो, पण खरं कारण सेन्सरवर पडलेला प्रकाश कमी असणं. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. थोडे पडले की शेजारच्या दोन पिक्सेलांमध्ये उगाचच फरक दिसतो, भरपूर पडले की तो फरक झाकला जातो. तुमचं शटर १/४०००, मी सांगतोय ते १/६०, छिद्र तेच. प्रकाश सुमारे ६४ पट. सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर प्रकाशाच्या वर्गमुळाने सुधारतं, म्हणजे जवळजवळ आठपट. फुल-फ्रेम घेऊन एवढी उडी मिळणार नाही. वर तुमचा फोटो मुळात एकदीड स्टॉप अंधारा होता. तो नंतर उजळलात तेव्हा दाणेही उजळले.

चंद्र सरकण्याची भीती सगळ्यांनाच असते, तीही मोजून टाकू. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. २५० मिमीवर तुमचा एक पिक्सेल साधारण ३ आर्कसेकंदांचा. म्हणजे चंद्राला एक पिक्सेल ओलांडायला एक पंचमांश सेकंद लागतो. १/६० मध्ये तो पिक्सेलच्या दहाव्या भागाइतकाही हलत नाही. हलतो तो ट्रायपॉड. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा, आरसा असलेला कॅमेरा असेल तर लाइव्ह व्ह्यूमधून काढा.

आणखी एक. चंद्राची रुंदी अर्धा अंश. २५० मिमीवर सेन्सरवर त्याचं चित्र सव्वादोन मिलिमीटरचं पडतं, म्हणजे आडवे ६००० पैकी जेमतेम ६०० पिक्सेल. तेवढा तुकडा कापून पूर्ण स्क्रीनभर बघितला तर कुठल्याही कॅमेऱ्याचे दाणे दिसणारच. बघायच्या आकाराबद्दल जरा समजूतदारपणा दाखवा.

रात्रपाळी:
ट्रायपॉडवाले बोलून गेले, पण माझ्यासारख्या हातात धरून काढणाऱ्यांचं काय?

जुना_ट्रायपॉड:
एफ/५.६, आयएसओ ४००, १/५००. एक्सपोजर वरच्याइतकंच होतं आणि एपीएस-सीवर २५० मिमी हातात धरायला तेवढं शटर पुरतं. यावेळी स्टॅबिलायझेशन चालू ठेवा. दाणे थोडे वाढतील, पण हललेल्या फोटोपेक्षा ते परवडले.

पिक्सेलपीडा:
एवढं कशाला? हल्ली एआय डीनॉइज (दाणे काढणारं सॉफ्टवेअर) एका क्लिकमध्ये साफ करतं. मी ६४०० वर काढतो आणि स्वच्छ करून घेतो.

जुना_ट्रायपॉड:
पक्ष्याच्या किंवा लग्नाच्या फोटोला खुशाल वापरा. चंद्राला वापरताना मला ते नको वाटतं. सॉफ्टवेअरला दाणा आणि बारीक विवर यातला फरक माहीत नसतो. सीमेजवळचे दोन-तीन पिक्सेलांचे खड्डे एक तर ते पुसतं किंवा स्वतःच्या मनाने काढतं, आणि दिसायला दोन्ही सुंदरच दिसतं. तुमचा 'स्वच्छ' फोटो चंद्राच्या नकाशाशेजारी ठेवून बघा एकदा.

रंगाच्या दाण्यांचा सफाया मात्र बिनधास्त करा. चंद्र जवळजवळ करडाच आहे, कलर नॉइज रिडक्शन पूर्ण ओढलं तरी फारसं काही जात नाही. अपवाद एकच. चंद्रावरच्या काळपट मैदानांपैकी सी ऑफ ट्रँक्विलिटीचा निळसरपणा आणि शेजारच्या सी ऑफ सेरेनिटीचा तांबूस रंग दाखवायचा असेल तर नको. निळसर भाग टायटॅनियम जास्त असलेल्या बेसॉल्टचा असतो. तो रंग इतका फिका की नॉइजबरोबर तोही जातो.

अर्धाचंद्र:
आज परत काढला! आयएसओ १००, एफ/८, १/६०. फरक जमीन-अस्मानाचा आहे. पिक्सेलपीडांचंच खरं निघालं म्हणायचं :) पण सीमेजवळच्या सावल्या उजळल्या की थोडे दाणे अजून येतात, आणि शार्पन केलं की पुन्हा सगळा चंद्र खरखरीत. तसंच विवरांच्या कडा प्रत्येक फोटोत थोड्या वेगळ्या दिसतात. लेन्सचा दोष?

जुना_ट्रायपॉड:
कडा वेगळ्या दिसतात तो वाऱ्याचा खेळ, हवा थरथरते. चंद्र क्षितिजाजवळ असेल तर जास्त. ३० अंश उंचीवरही तुम्ही डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून बघत असता. तो वर चढेपर्यंत थांबा. याला नॉइज समजून सॉफ्टवेअरने झगडत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आधी एक्सपोजर. हिस्टोग्राममध्ये (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) आकाशाचा मनोरा डावीकडे आणि चंद्राची बारीकशी टेकडी. ती टेकडी उजव्या भिंतीला टेकू न देता होईल तेवढी उजवीकडे न्या. चंद्र एवढासा असतो की ती टेकडी सहज नजरेतून सुटते, म्हणून हायलाइट अलर्ट (जास्त उजळ भाग लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा आणि कडेचा उजळ भाग लुकलुकायला लागला की एक पायरी मागे या. स्क्रीनवर चंद्र जरा फिकट वाटेल, वाटू दे. नंतर अंधारा करणं फुकट आहे, उजळायची किंमत मोजावी लागते.

मग स्टॅकिंग, म्हणजे बरेच फोटो एकावर एक रचून सरासरी घेणं. एकाच सेटिंगवर रॉमध्ये तीस-चाळीस फोटो काढा. यादृच्छिक नॉइज फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो: १६ फोटोंची सरासरी घेतली की चौथा हिस्सा, २५ ची घेतली की पाचवा. १०० ला दहावा, पण तिथवर जायची चिकाटी मला नाही. पीआयपीपी या सॉफ्टवेअरमध्ये सगळे चंद्र मध्यभागी आणून कापून घ्या, मग ऑटोस्टॅकर्ट या रचणाऱ्या सॉफ्टवेअरला द्या. ते धारदार फोटो निवडून रचतं, त्यामुळे थरथरलेल्या हवेचा प्रश्नही बराचसा इथेच मिटतो. शार्पनिंग त्यानंतर रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरच्या वेव्हलेटमध्ये (बारीक-मोठे तपशील वेगवेगळे धारदार करणारं साधन). एकट्या फोटोवर शार्पनिंग केलं की दाणेच धारदार होतात, रचलेल्यावर विवरं होतात. स्टॅक करण्याआधी डीनॉइज अजिबात नको, जेपेगही नको.

आणि फोटो काढताना चंद्र फ्रेममध्ये सरकत जाऊ द्या, सारखा मध्यभागी आणू नका. तो वेगवेगळ्या पिक्सेलांवर पडतो, त्यामुळे रचताना सेन्सरचे कायमचे डाग आणि हॉट पिक्सेल (उगाचच उजळ राहणारे) एकमेकांवर बसत नाहीत. मेनूतलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर राहू द्या, १/६० ला ते कामालाच लागत नाही.

आकाशातले जांभळट ठिपके? ब्लॅक पॉइंट (ज्याखालचं सगळं काळं धरायचं ती पातळी) थोडा वर घ्या, गेले. तिथे जपण्यासारखं काही नाही.

रात्रपाळी:
मग आयएसओ वाढवायचाच नाही का कधी? ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणात मी १०० वर अडून बसलो असतो तर लाल चंद्र दिसलाच नसता.

जुना_ट्रायपॉड:
तिथे वाढवायचाच. खग्रासमध्ये चंद्र हजारो पट मंद होतो, प्रकाशच नाही. १०० वर अनेक सेकंद लागतील आणि तेवढ्यात चंद्र सेकंदाला पाच पिक्सेल घसरेल. ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) असेल तर आयएसओ खाली ठेवा. नसेल तर ३२००, छिद्र पूर्ण उघडं, पाव ते अर्धा सेकंद, आणि भरपूर फोटो काढून रचायचे. चंद्रकोरीच्या अंधाऱ्या भागावरचा पृथ्वीप्रकाश टिपायचा तरी हेच, फक्त कोर जळणार (नुसती पांढरी येणार) हे धरून चालायचं. कोरीसाठी लहान एक्सपोजरचा वेगळा फोटो घेऊन जोडता येतो.

अर्धाचंद्र:
ऑटोस्टॅकर्ट उतरवून घेतलं. रॉ थेट उघडत नाहीये.

जुना_ट्रायपॉड:
आधी १६ बिट टिफ करा. सगळ्या फोटोंना एकच व्हाइट बॅलन्स, आणि रॉ कन्व्हर्टरमधलं शार्पनिंग व नॉइज रिडक्शन दोन्ही शून्यावर.