इलिरियन लोक बाल्कनमध्ये आले कुठून आणि गेले कुठे?

भटकीवाट: क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातल्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याबद्दल वाचताना तो इलिरियन, म्हणजे बाल्कनच्या पश्चिम भागातल्या प्राचीन लोकांपैकी, होता असं कळलं, मग शोधत बसलो तर एका ठिकाणी म्हणतात हे लोक पोलंड-जर्मनीकडून खाली आले, दुसरीकडे म्हणतात इथलेच. आणि अल्बेनियन मंडळी तर आमचेच पूर्वज म्हणून मोकळी. खरं काय धरायचं?

जुनाखापर: पोलंडवालं सोडून दे, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं खूळ. पोकोर्नी, क्राहे ही भाषातज्ज्ञ मंडळी अर्ध्या युरोपातल्या नद्यांच्या नावांना इलिरियन ठरवत सुटली होती, पुढे क्राहेनेच ते सोडलं. आता बहुतेक जण म्हणतात की इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात स्टेपकडून, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून, आलेले लोक तिथल्या जुन्या लोकांत मिसळले आणि पुढे दोन हजार वर्षांत हळूहळू तिथेच हे सगळं घडत गेलं. बोस्नियात साराजेव्होच्या पूर्वेला ग्लासिनात्स नावाचं पठार आहे, तिथे ढिगाऱ्याखालची थडगी हजारोंनी आहेत, नकाशावर बघच एकदा. आणि 'इलिरियन' हे ग्रीकांनी चिकटवलेलं लेबल, ते सगळे स्वतःला एक समजत होते असं काही नाही.

खडूसकाका: स्थलांतरं खरी मजेशीर आहेत ती नंतरची. आर्डिएई ही एक इलिरियन टोळी, म्हणजे ट्यूटा राणीवाले, समुद्रावर लूटमार करायचे, इ.स.पू. 229 मध्ये रोमशी पहिलं युद्ध झालं ते यांच्यामुळेच. शंभरेक वर्षांनी रोमनांनी त्यांना किनाऱ्यावरून हाकलून आत डोंगरात नेऊन बसवलं आणि शेती करा म्हणाले, जमीन खडकाळ, पार वाट लागली असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो. पिरुस्टे ही दुसरी इलिरियन टोळी, खाणकामवाले. रोमन सम्राट ट्राजनने इ.स. 106 मध्ये डाकिया जिंकल्यावर ते तिकडच्या सोन्याच्या खाणींत गेले. आजच्या रुमानियात, रोशिया मोंतानाला, खाणीत मेणाच्या पाट्या सापडल्यात. त्यातली एक 139 सालची, साधारण सहा वर्षांच्या पास्सिया नावाच्या मुलीचं विक्रीखत आहे, विकणारा दासियस, पिरुस्टा, आणि किंमत 205 दिनार. इलिरियन माणसं खरी दिसतात ती अशा कागदपत्रांत, बाकी ग्रीक-रोमन लेखकांच्या टोमण्यांतच.

भटकीवाट: बापरे, पोरगी विकत घेतल्याची पावतीच की! पण मग भाषा?

जुनाखापर: तिथेच तर घोडं अडलंय. बाल्कनमध्ये इलिरियन भाषेतला म्हणता येईल असा एकही नक्की लेख नाही, माणसांची आणि गावांची नावंच काय ती. इटलीच्या टाचेत मेसापियन लोकांचे शेकडो शिलालेख आहेत, ते बाल्कनमधून एड्रियाटिक समुद्र ओलांडून गेले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात आणि ती भाषा अल्बेनियनच्या जवळची म्हणतात. त्यामुळे अल्बेनियन दावा अगदीच हवेतला नाही, पण शिक्कामोर्तबही नाही.

खडूसकाका: आणि दावेदार काय ते एकटेच आहेत का. 1809 ला नेपोलियनने तिथे 'इलिरियन प्रांत' नावाने प्रांत स्थापन केले, 1830 च्या दशकात क्रोएशियातले लेखक स्वतःला इलिरियन म्हणवून घ्यायला लागले, स्लाव्ह तर तिथे सहाव्या-सातव्या शतकात आलेले! मेलेल्या लोकांच्या नावावर ज्याने त्याने आपली पोळी भाजून घेतली.