बालरोग परिषदेची संयोजक व्हायचंय, भाषणात काय बोलू?

एमबीबीएसच्या थर्ड इयर पार्ट वनला आहे. आमच्या विद्यार्थी बालरोग मंडळाची निवडणूक शुक्रवारी. पद परिषद-संयोजकाचं, बोलायला २ मिनिटं. समोरचा उमेदवार म्हणजे गॅदरिंगचा हिरो. माझा अनुभव एवढाच: गेल्या वर्षी नोंदणीच्या टेबलावर होते. बॅज आडनावाप्रमाणे लावले, लोक पहिल्या नावाने शोधत बसले. रांग जिन्यापर्यंत! हे सांगू की लपवू?

इंटर्न दादा: सांगच. 'मला लहान मुलं आवडतात' नको, ते सगळेच म्हणतात. एखादी ठोस कल्पना दे. २९ जुलै ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी) दिन. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममधून मीठ-सोडा-ग्लुकोजचं पाणी देऊन कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. यावर एक सत्र ठेव.

फायनल इयरवाली: नवजात पुनरुज्जीवनाची कार्यशाळा घेणार असशील तर मॅनिकिन (सरावाच्या बाहुल्या) आधी मोज. आमच्याकडे ४० जण, बाहुली एक. अर्ध्यांनी बाळाला श्वास देण्याच्या बॅग-मास्कला हातही लावला नाही. आणि एचओडी मॅडमची तारीख घेतल्याशिवाय पोस्टर छापू नकोस गं.

मूळ प्रश्नकर्ती: बॅजचा किस्सा पहिल्याच वाक्यात घेते. बाहुल्यांचं स्किल लॅबच्या मामांना उद्याच विचारते.