गालिसियातील खाडीकाठच्या लहान गावी राहायला जाताना काय माहीत असावे?

दाभोळखाडी

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यातले. माझे यजमान गेली चौदा वर्षे रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या उद्योगात गुणवत्ता तपासणीचे काम करतात. त्यांना स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गालिसिया प्रदेशातून, आरोसाच्या खाडीवरील एका कारखान्याचे नेमणुकीचे पत्र आले आहे. गाव दहा-बारा हजार वस्तीचे आहे आणि कंपनी आम्हा तिघांच्याही व्हिसाची व्यवस्था पाहणार आहे. आमची मुलगी नऊ वर्षांची असून तिकडची शाळा सप्टेंबरात सुरू होते, म्हणून ऑगस्टमध्ये पोहोचायचा विचार आहे.

कंपनीने पाठवलेल्या माहितीत पगार, विमा आणि रजा यांविषयी सर्व काही आहे. परंतु घर कसे पाहावे, शाळेत मुलीचे कसे होईल, गावातली माणसे बाहेरच्यांशी कशी वागतात, याविषयी त्यात एक ओळही नाही. आम्ही गावातच राहावे की व्हिगोसारख्या शहरात घर घेऊन यजमानांनी रोज ये-जा करावी? मी मासे खाते, पण सोमवार आणि संकष्टी पाळते. सासूबाई रोज एकच प्रश्न विचारतात, की तिथे आपले कोण आहे. ज्यांनी अशा लहान गावात प्रत्यक्ष दिवस काढले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

तांबळडेग_ते_आरोसा

ताई, मी २०१६ ते २०२३ अशी सात वर्षे त्याच खाडीच्या काठी कुटुंबासह राहिलो आणि आता देवगड तालुक्यात परतलो आहे. प्रथम कागदपत्रांविषयी लिहितो, कारण तिथे आमच्या हातून झालेली चूक तुमच्याकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, पहिले वडिलांकडचे आणि दुसरे आईकडचे, आणि लग्नानंतर बाई आपले आडनाव बदलत नाही. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहितो. तिथल्या कारकुनाच्या डोळ्यांना त्यातले मधले नाव सरळ पहिले आडनाव दिसते. एका कचेरीत माझ्या वडिलांचे नाव माझे पहिले आडनाव म्हणून नोंदले गेले आणि दुसऱ्या कचेरीत ते अजिबात आलेच नाही. परिणामी सामाजिक सुरक्षेच्या नोंदीतला मी आणि आरोग्यपत्रातला मी अशी दोन वेगळी माणसे झाली, आणि ती एक करायला आठ महिने गेले. म्हणून पहिल्या अर्जापासून पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच रकान्यात, नाव लिहून घ्या आणि कागदावर सही करण्यापूर्वी ते अक्षर अक्षर वाचा. तुमच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव असेल आणि पासपोर्टवर सासरचे, तर दोन्ही नावे असलेला विवाह नोंदणी दाखला आणि नावबदल राजपत्रात प्रसिद्ध झाला असल्यास त्याची प्रत बरोबर हवीच. जन्म, विवाह आणि पोलीस पडताळणी या दाखल्यांवर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (दाखला खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर) आणि नंतर शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर लागते. ग्रामपंचायतीचा जुना हस्तलिखित दाखला असेल, तर नवी छापील प्रत आताच काढून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात आणि गणपतीच्या तोंडावर कचेऱ्यांची कामे कशी लांबतात, हे तुम्हाला सांगायला नको.

पोहोचल्यावर एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे देण्याचा अर्ज करावा लागतो. हे काम राष्ट्रीय पोलिसांच्या कचेरीत होते, आणि ती कचेरी लहान गावात बहुधा नसते. वेळ आधी आरक्षित करावी लागते. दुसरी नोंद गावच्या नगरपालिकेत, रहिवासी म्हणून. तिला ‘पाद्रोन’ म्हणतात. शाळा, दवाखाना, पुढची प्रत्येक परवानगी या नोंदीवर उभी असते. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंत ती दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, नाहीतर नाव वगळले जाते. ही नोंद केवळ तुमच्या सोयीची नसते. गावाला सरकारकडून मिळणारा पैसा लोकसंख्येवर ठरतो, आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा पटसंख्येअभावी जशा धोक्यात येतात तशाच तिकडच्या आतल्या डोंगरी भागातल्या शाळाही येतात. त्यामुळे मूल घेऊन आलेल्या कुटुंबाकडे लहान गाव आपुलकीने पाहते, हा माझा सात वर्षांचा अनुभव आहे.

घराच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. हा किनारा उन्हाळी पर्यटनाचा आहे. काही मालक सप्टेंबर ते जून एवढ्याच मुदतीचा हंगामी करार पुढे करतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेच घर पर्यटकांना अनेक पट भाड्याने देतात. आम्ही पहिल्या वर्षी असाच करार न समजता केला आणि जूनअखेर सामानासह बाहेर पडलो. कायमच्या निवासाचा करार असेल, तर २०१९ पासूनच्या कायद्याप्रमाणे मालक खासगी व्यक्ती असल्यास भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क आहे. करारावर ‘नेहमीचे निवासस्थान’ या अर्थाचे शब्द आहेत का, हे कोणाकडून तरी वाचून घ्या. ऑगस्टमध्ये पोहोचलात, तर घरांचा सर्वांत मोठा तुटवडा तेव्हाच असतो. शक्य असल्यास यजमानांनी आधी जाऊन घर पाहावे.

आता माणसांविषयी. आमच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट सांगतो. ओहोटीला वाळू उघडी पडली, आणि रबरी बूट घातलेल्या बायका लांब दांड्याचे दंताळे घेऊन वाकून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढत होत्या. माझी पत्नी विजयदुर्गची. तिचे अर्धे बालपण ओहोटीला खाडीत गेलेले. तिला राहवले नाही, बादली घेऊन तीही उतरली. थोड्या वेळाने एक वयस्कर बाई जवळ आली. रागावली नाही. कमरेचे लोखंडी माप काढून तिने बादलीतली एकेक तिसरी त्यातून घालून दाखवली आणि खाली पडेल ती वाळूत परत पुरली. उरलेल्याही तिने हळूच वाळूतच ठेवल्या, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून त्या ओल्या पट्ट्याकडे बोट केले. त्या बायकांकडे सरकारी परवाना असतो, रोज किती काढायचे ते ठरलेले असते, आणि ती वाळू त्या शेतासारखी जपतात. बाहेरच्याने तिथून मूठभर तिसऱ्या उचलणे म्हणजे कुणाच्या तरी मळ्यातला भात कापून नेणे आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. दुसऱ्या दिवशी पत्नी लाडू घेऊन तिच्या घरी गेली. पुढे सात वर्षे आमच्या प्रत्येक अडचणीला ती बाई धावून आली.

आपल्या वाडीत बाहेरून कोणी येऊन जागा घेतो, तेव्हा तो गडग्यावरून कसा चालतो, विहिरीवर कसा बोलतो, येता-जाता ओळख दाखवतो की मान खाली घालून जातो, हे आपण पाहत असतो. तिथेही तसेच पाहिले जाते. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना सगळ्यांना मिळून ‘बुएनोस दीआस’ म्हणायचे असते. मासळीच्या दुकानात रांग दिसत नाही, म्हणून पुढे जायचे नसते. ‘किएन एस एल उल्तिमो’, म्हणजे शेवटचा कोण, असे मोठ्याने विचारायचे आणि त्याच्यामागचा आपला क्रम लक्षात ठेवायचा. हे एक वाक्य मला सहा महिन्यांच्या वर्गापेक्षा जास्त उपयोगी पडले.

वेंगुर्ल्याची_आई

माझी मुलगी आणि जावई चार वर्षांपासून पोन्तेवेद्रा शहरात आहेत आणि मी तिथे दोन हिवाळे राहून आले. वरील सविस्तर उत्तरातले सर्व पटले, तरी मी थोडे वेगळे मत मांडते. पहिले वर्ष शहरात काढावे असे मला वाटते. आमच्या मुलीने आधी लहान गावात घर घेतले होते. जावई दिवसभर कामावर, ती घरात एकटी, भाषा येत नाही, आणि नोव्हेंबरपासून पाऊस. आपला पाऊस चार महिने धो धो कोसळतो, पण त्यात ऊब असते आणि घराघरांतून येणे-जाणे चालू असते. तिकडचा पाऊस थंडीत येतो, आणि दुपारी दोन ते पाच दुकाने बंद झाली की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. त्या हिवाळ्यात ती फोनवर नुसती रडायची. शहरात सरकारी भाषाशाळा आहे, पायी फिरता येते आणि आणखी काही भारतीय कुटुंबे आहेत. तिथे गेल्यावर ती सावरली.

स्वयंपाकघराविषयी लिहिते. विजेच्या करारात एका वेळी किती किलोवॉट वापरता येतील ते ठरलेले असते, मुलीकडे ३.४५ होते, आणि ओव्हन, हीटर व मिक्सर एकदम लावले की घर अंधारात जायचे. आपला मिक्सर तिथे चालतो, दाब २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलणारा सॉकेट न्यावा. गॅसची नारिंगी टाकी साडेबारा किलोची असते. भिंतींना बुरशी येते, म्हणून ओल शोषणारे यंत्र पहिल्या महिन्यातच घ्या आणि कपड्यांच्या कपाटाच्या पाठीला हवा राहील असे अंतर ठेवा.

सोमवार आणि संकष्टी घरी पाळता येतील, बाहेर कठीण आहे. ‘मांस नको’ म्हटले तरी पानावर हॅम किंवा ट्यूना येतो, कारण त्यांच्या बोलण्यात मांस म्हणजे त्यांपैकी काहीच नाही. भाजीच्या साध्या दिसणाऱ्या गालिसियन सूपमध्येही डुकराची चरबी असते. प्रत्येक नको असलेली वस्तू नाव घेऊन सांगावी लागते. मासळीची मात्र चंगळ आहे: बांगडा, तारली, माकूल, तिसऱ्या आणि खाडीतल्या लाकडी तराफ्यांखाली दोरांवर वाढवलेले शिणाणे, म्हणजे काळे शिंपले. गालिसियात असे ३,००० हून अधिक तराफे आहेत, आणि तुमच्या यजमानांचा कच्चा माल बहुधा तिथूनच येईल.

दाभोळखाडी

आपणा दोघांचे मनापासून आभार. तिसऱ्यांचा प्रसंग सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी प्रथमच त्या गावाविषयी उलट प्रश्न विचारले. वेंगुर्ल्याच्या काकूंनी लिहिलेल्या हिवाळ्याची मात्र मला खरोखर धास्ती वाटते. आणखी दोन शंका आहेत. मुलीला तिथे दोन भाषा एकदम शिकाव्या लागतील, असे कळले; ते खरे आहे का? आणि यजमानांचा इथला वाहन परवाना तिथे चालेल का?

तांबळडेग_ते_आरोसा

परवान्याचे आधी सांगतो. तिथले रहिवासी झाल्यावर सहा महिन्यांनी भारतीय परवाना चालत नाही, आणि तो बदलून देण्याचा करार भारताशी नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. लहान गावात गाडीवाचून अडते, म्हणून हे काम पहिल्या सहा महिन्यांतच हाती घ्या. तोवर आरोसाच्या खाडीवरच्या विलागार्सिया गावाहून पोन्तेवेद्रा, सान्तियागो आणि व्हिगो या तिन्ही ठिकाणी रेल्वे जाते. याच रेल्वेमुळे काकूंचा मुद्दा आणि माझा मुद्दा एकत्र बसवता येईल असे मला वाटते: राहा गावातच, पण तुम्ही स्वतः आठवड्यातून दोन-तीन दिवस पोन्तेवेद्राच्या भाषाशाळेत जा. त्यांच्या मुलीचे दुःख मी हलके मानत नाही. माझी पत्नीही पहिल्या डिसेंबरात परत जाऊ या म्हणाली होती. तिला घराबाहेर काढले ते बारने. आपल्याकडे बार म्हटले की बायका-मुलांनी तोंड फिरवावे अशी जागा. तिथे तो गावचा पार आहे. सकाळी आज्या कॉफी घेतात, शाळा सुटल्यावर पोरे तिथेच खाऊ खातात, नळ दुरुस्त करणारा आणि रिकामे घर दोन्ही तिथेच सापडतात. आपण दारू पीत नसलो तरी तिथे बसणे कुणाला खटकत नाही. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून रोज एकाच बारमध्ये, एकाच वेळी कॉफीला जा.

मुलीचे म्हणाल, तर दोन भाषा खऱ्या आहेत. सरकारी प्राथमिक शाळेत गणित स्पॅनिशमध्ये आणि परिसर अभ्यास गालिसियनमध्ये शिकवतात. गालिसियन ही पोर्तुगीजची जवळची बहीण आहे आणि खेड्यात म्हातारी माणसे तीच बोलतात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीवर हिंदी ऐकत वाढलेल्या मुलीला यात फार नवल वाटणार नाही. आमचा मुलगा आठव्या वर्षी गेला. नाताळापर्यंत तो वर्गात गप्प होता आणि पुढच्या उन्हाळ्यात आमच्यासाठी दुभाष्याचे काम करू लागला. इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरते, म्हणून डिसेंबरचा जन्म असेल तर मुलगी वर्गात सर्वांत लहान ठरू शकते, याची तयारी ठेवा. जाण्यापूर्वी स्पॅनिश शिकवणाऱ्या दिल्लीच्या सेर्वान्तेस संस्थेचा ऑनलाइन वर्ग तिघांनीही सुरू करावा, निदान क्रियापदांची तोंडओळख तरी होईल.

सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा. १६ जुलैला कार्मेन मातेचा सण असतो; ती दर्यावर्दींची रक्षक. गावातल्या होड्या पताकांनी सजवतात, मूर्ती होडीत बसवून खाडीत नेतात आणि समुद्रात गेलेल्या माणसांसाठी पाण्यात फुले सोडतात. मुंबईकर जसे गणपतीला गावी येतात, तसे दूर शहरांत कामाला गेलेले लोक त्या सुमारास आणि ऑगस्टमध्ये गावी येतात आणि वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात. पहिल्या वर्षी मी नारळी पौर्णिमेच्या आठवणीने एक नारळ घेऊन धक्क्यावर गेलो होतो. शेजारच्या कोळ्याने तो कशासाठी हे विचारले, समजून घेतले आणि मला आपल्या होडीत चढवले.

फोनचे म्हणाल, तर ऑगस्टमध्ये आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचे अंतर असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचे घड्याळ एक तास मागे जाते आणि अंतर साडेचार तासांचे होते. मुलगी शाळेतून येऊन जेवेपर्यंत गुहागरला दिवेलागण उलटून गेलेली असेल, तेव्हा सासूबाईंशी बोलण्याची वेळ आत्ताच ठरवून ठेवा.