मदत हवी आहे : वडिलांच्या बॉयलर रूममधील कामाचा लेखी पुरावा कोठे मिळेल?

देवगडकर
माझे वडील नौदलात होते. त्यांच्या फुप्फुसाच्या आवरणात साचलेले पाणी आता दुसऱ्यांदा काढावे लागले असून, हा आजार ॲस्बेस्टॉसचा (उष्णता रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तंतुमय खनिजाचा) असावा अशी शंका डॉक्टरांनी व्यक्त केली आहे. त्यांनी जहाजावर कोणते काम केले याचा कागद हवा म्हणून एका कार्यालयात अर्ज केला, तो ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत आला. अर्ज नेमका कोठे करावा एवढेच सांगावे. वेळ कमी आहे.

जुना_खलाशी
आपण जहाज, शाखा, वर्षे यांपैकी काहीच लिहिलेले नाही. साठच्या दशकातील आपल्या दोन्ही क्रूझर (मोठ्या युद्धनौका) ब्रिटनकडून आलेल्या, महायुद्धात लढलेल्या होत्या. ‘दिल्ली’ म्हणजे १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईतील ‘अकिलिस’, आणि १९५७ साली ताफ्यात आलेली ‘म्हैसूर’ म्हणजे पूर्वीची ‘नायजेरिया’. त्या काळच्या युद्धनौकांवर बॉयलर, टर्बाइन आणि वाफेच्या नळ्या ॲस्बेस्टॉसने मढवलेल्या असत.

देवगडकर
त्याच दोहोंपैकी एक. नाव येथे लिहीत नाही. वडील १९६२ पासून दहा वर्षे स्टोकर, म्हणजे बॉयलरवर काम करणारे खलाशी होते. नळी गळू लागली की वरचे लॅगिंग (ॲस्बेस्टॉसचा उष्णतारोधक थर) हातोडीने फोडायचे, दुरुस्ती झाली की नवी भुकटी बादलीत पाणी घालून कालवायची आणि हातानेच थापायची, असे ते सांगतात. तोंडाला रुमालसुद्धा नसे.

सह्याद्री_७
वडील विडी ओढत होते का? माझ्या काकांना विडीनेच कर्करोग झाला. उगाच जहाजाला दोष देऊ नये.

डॉ_अपर्णा
सह्याद्री, येथे दोन आजारांची गल्लत होत आहे. ॲस्बेस्टॉसच्या जोडीला धूम्रपान असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, हे खरे. पण आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, विडीने होत नाही. तो संपर्कानंतर वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. देवगडकर, बायोप्सी झाली आहे का?

देवगडकर
नाही. पहिल्या रुग्णालयात सहा महिने क्षयाची औषधे दिली. नोकरीविषयी कोणी विचारलेच नाही.

डॉ_अपर्णा
आपल्याकडे छातीत पाणी दिसले की आधी क्षयाचा विचार होतो आणि तो रास्तही आहे. परंतु औषधे पूर्ण होऊनही पाणी पुन्हा भरत असेल तर वडिलांची प्रकृती पाहून आवरणाच्या तुकड्याची तपासणी करायला हवी, कारण केवळ पाण्याच्या तपासणीत हा आजार अनेकदा निसटतो. सीटी स्कॅनमध्ये आवरणावर चुन्यासारखे चट्टे दिसले तर ते पूर्वीच्या संपर्काची खूण असतात, मात्र ते चट्टे म्हणजे कर्करोग नव्हे. ‘बॉयलर रूम, स्टोकर, दहा वर्षे’ हे शब्द केस पेपरवर आजच लिहून घ्या.

अंगण
आमच्या गोठ्यावर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे आहेत. ते काढावेत का?

जुना_खलाशी
अंगणताई, त्यासाठी वेगळा धागा काढावा. तोवर ते फोडू नका किंवा घासू नका.

न्यायप्रेमी
१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला आहे. त्याच आधारे थेट खटला भरावा.

जुना_खलाशी
तो आदेश ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांसंबंधी आहे आणि वडिलांची सेवा त्याच्या कितीतरी आधी संपली. आजारी माणसाच्या घरच्यांना कोर्टाच्या वाटेला लावण्यापूर्वी एवढे तरी पाहावे. देवगडकर, नौसैनिकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. नौसैनिक क्रमांक, शाखा आणि भरतीचे वर्ष लिहून सेवानोंदीची व वैद्यकीय कागदपत्रांची साक्षांकित प्रत मागा, आणि अर्जावर वडिलांची सही घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज तपासून घेतला तर तो परत येण्याचा धोका कमी होईल. अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या नियमांत सेवेनंतर उशिरा उद्भवलेल्या आजाराला जागा आहे, पण तीही ठरावीक वर्षांपुरती. म्हणून तो दावा सैन्यदल न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

देवगडकर
नौसैनिक क्रमांक डिस्चार्ज बुकात सापडला. अर्जावर बहुधा तोच नव्हता. वडिलांच्या बरोबरचे एक स्टोकर मालवणला आहेत. त्यांचे म्हणणे चालेल का?

जुना_खलाशी
सेवानोंदीत जहाज आणि हुद्दा मिळेल, पण लॅगिंग कोण फोडत होते हे तेथे लिहिलेले नसते. ते सांगणारा माणूस तोच आहे. दोघांचीही प्रतिज्ञापत्रे याच आठवड्यात नोटरीकडे करून घ्या.