स्वतः बांधलेला कर्नल बूट होत नाही

प्रश्न: उबंटूवर सोर्समधून कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधला. बूट होताना ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ (मुख्य फाइल सिस्टिम जोडता येत नाही) येऊन थांबतं. जुना कर्नल चालतो.

उत्तर १: इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) बनलेलं नाही, किंवा बूट पार्टिशन भरल्यामुळे अर्धवट राहिलंय. जुन्या कर्नलने चालू करून ‘डीएफ’ कमांडने जागा बघा. डीबग माहितीसकट मॉड्यूल (कर्नलचे ड्रायव्हरसारखे सुटे भाग) त्यात गेले की ही फाइल शेकडो एमबीची होते. म्हणून मॉड्यूल टाकताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ द्याच. मग अपडेट-इनिट्रॅमएफएस, त्यानंतर अपडेट-ग्रब चालवा (ग्रब म्हणजे कर्नल लोड करणारा बूटलोडर).

उत्तर २: क्रमही बघा. आधी मॉड्यूल्स इन्स्टॉल, मग कर्नल. उलट केलं तर डिस्कचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये जातच नाही, आणि रूट सापडणार कुठून?

उत्तर ३: सिक्युअर बूट (फक्त सही तपासलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर डिजिटल सही नसलेला कर्नल ग्रबच अडवतो; तिथे संदेश वेगळा येतो. जुना कर्नल मात्र काढू नका.